महानंदासाठी धरलेली जागा

डॉक्टर विरूपाक्ष औशाला आला तो एका पोरीचे टाके बघायला. एवढंच काम. टाके बघायचे, छातीला नळी लावायची, चहा नको म्हणायचं आणि लातूरहून मुंबईची गाडी धरायची.

लातूर तेव्हा नवा जिल्हा. उस्मानाबादेहून फायली आल्या, साहेब आले, साहेबांच्या खुर्च्या आल्या. पाणी तेवढं आलं नाही. विहिरींनी तळ दाखवला होता आणि अख्खं औसा घागरी घेऊन टँकरमागं पळत होतं.

विरूपाक्ष मूळ इथलाच, लिंगायत किराणा दुकानदाराचा पोरगा. मुंबईला जाऊन लेकरांच्या काळजाचा सर्जन झाला. म्हणजे काय करतो? काळीज बंद करतो. हो, बंद! तेवढा वेळ रक्त मशीन फिरवतं, हा काळजाचं भोक शिवतो आणि पुन्हा चालू करतो. कितीतरी लेकरं त्याच्या हाताखालून हसत घरी गेली. मोठ्यांचं का नाही करत, असं विचारलं की म्हणायचा, "मोठ्यांनी ते आपल्या हातानं बिघडवलेलं असतं. लेकरं बिचारी बिघडलेलंच घेऊन येतात."

माणूस शहाणा. पण शहाण्या माणसाला घरची रीत ठाऊक असतेच असं नाही. सगळा घोटाळा तिथंच झाला.

पोरीचा आजा बसलिंगप्पा दारातच उभा होता. राम राम नाही, शरणार्थ नाही.

"आलास व्हय? अर्धीच पोरगी पाठवलीस. बाकीची कधी देतूस?"

"आप्पा, भोक नीट बुजलंय. रिपोर्ट चांगले आहेत."

"रिपोर्ट झोपतोय का? आत ये अन् बघ."

आत महानंदा मांडी घालून बसली होती. पाठीला टेकू नाही. डावा हात मांडीवर, तळवा उघडा. शेजारी तिची आई महादेवी. ती दबक्या आवाजात म्हणाली, "मुंबईहून आल्यापासून आडवी झाली न्हाई, डाक्टर. अशीच बसून असती. कालपासून डोळे मिटायलीय..."

डॉक्टरनं नळी लावली. ठोके खणखणीत. तेवढ्यात पोरीनं डोळे मिटले. ठोका पडला... मग काहीच नाही... मग कितीतरी वेळानं दुसरा. डॉक्टरनं तिला गदागदा हलवलं. डोळे उघडले, काळीज पुन्हा चालू.

ही पोरगी झोपली तर गेली, हे त्याला कळलं. आणि सात वर्षांचं लेकरू किती दिवस जागं राहणार?

"आडवी हो बाळा, डोळे उघडे ठेवून."

"नको काका. उठले तर जागा जाईल. आज्जीनं धरलीय."

"कोण आज्जी?"

"जगदेवी आज्जी. तुम्ही काळीज बंद केलतं, तवा भेटली. सगळे बसलेत तिथं... अंधारात... रांगेनं. आज्जी इचारत होती, औशाला पाणी आलं का?"

जगदेवी म्हणजे म्हाताऱ्याची बायको. पोरगी जन्मायच्या आधीच वारलेली. पोरीच्या केसांना ओल्या मातीचा वास येत होता. त्या उन्हाळ्यात अख्ख्या तालुक्यात ओली माती नव्हती.

बसलिंगप्पानं डोळे बारीक केले. "आप्रेशनला हिच्या गळ्यातलं लिंग कुठं ठिवलंस?"

"छातीच उघडायची होती, आप्पा. पण लिंग अंगावेगळं करायचं नाही, हे मला माहीत आहे," डॉक्टर जरा ऐटीतच म्हणाला. "डाव्या तळहातावर ठेवून पांढऱ्या पट्टीनं बांधायला लावलं."

म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला. "आरं एवढा शिकलास अन् एवढं कळंना? तसं बांधून कुणाला देतेत?"

डॉक्टरच्या तोंडचं पाणी पळालं. लिंगायतांत मेलेल्याला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, लिंग डाव्या हातात बांधतात आणि तसंच पुरतात.

"काळीज बंद केलंस, वर हातात लिंग बांधलंस. पल्याडच्यांनी काय समजावं? नवं माणूस आलं म्हणून सरकून बसले की ते!"

"आप्पा, हे असलं काही नसतं..."

"नसतं ना? मग झोपव तिला."

डॉक्टरनं नळी गुंडाळून खिशात टाकली.

"चल मग. रुद्रभूमीत जाऊ. बायकोशी बोलायचंय."

"भर बाराला?"

"रात्री ऐकायची न्हाई ती. जित्तेपणीबी म्हणायची, रात्रीचं भांडू नका."

लिंगायतांची ती पुरायची जागा, रुद्रभूमी, गावाबाहेर. ऊन डोक्यावर, सावली पायात. पाखरू नाही, वारा नाही. म्हाताऱ्यानं एका दगडावर काठी आपटली.

"जगदेवी! एस्टीत रुमाल टाकून जागा धरायची खोड मेल्यावरबी गेली न्हाई का तुझी? पोरगी चुकून आलती. चूक ह्या गाढवाची. सांग रे!"

देशोदेशी भाषणं दिलेला डॉक्टर दगडापुढं हात जोडून म्हणाला, "चूक माझी आहे, आज्जी."

आधी काहीच नाही. मग पायाखाली... खोल... पुष्कळ माणसं एकदम सरकून बसावीत, तसा घसघस आवाज झाला.

म्हाताऱ्यानं जमिनीला कान लावला. "म्हणते, धरलेली जागा रिकामी सोडता येत न्हाई." त्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग कानडीत हळूच काहीतरी बोलला. डॉक्टरला कानडी येत नव्हती.

"चल, मिटलं."

"काय मिटलं?"

"नवराबायकोचं बोलणं हाय. तुला कशाला पायजे?"

घरी महानंदा आईच्या अंगावर तंगडी टाकून, तोंड उघडं ठेवून घोरत होती. ठोके एकसारखे. महादेवी पदर तोंडाला लावून रडत होती.

म्हातारा भिंतीला टेकून बसला, सदऱ्याची बटणं काढली. "नळी काढलीच हायस तर माझंबी बघ. फुकटात."

डॉक्टर हसला. नळी लावली. सरकवली. नळीवर टिचकी मारून पाहिली. कानात ठण्ण वाजलं. स्वतःच्या छातीला लावली, धडधड धडधड. पुन्हा म्हाताऱ्याच्या छातीला लावली...

"काय म्हणतंय?"

"...चांगलं आहे, आप्पा."

"मग तोंड कशापायी पाडलंस?" म्हणत म्हातारा उठला आणि टँकर आला म्हणून घागर घेऊन शिव्या देत पळाला.

पुढं महानंदा शाळेत गेली, झाडावर चढली, पोरांना बदडू लागली. विरूपाक्ष दरसाल तिला तपासायला यायचा. म्हातारा आधीच बटणं काढून बसलेला. डॉक्टर नळी लावायचा, तिथली शांतता नीट ऐकायचा आणि "चांगलं आहे" म्हणायचा.

एका साली म्हातारा डॉक्टरच्या कानाशी आला. तोंडाला ओल्या मातीचा वास.

"जगदेवी इचारायलीय, डाक्टरला खिडकीजवळची चालंल का?"

"मातीखाली कसली खिडकी, आप्पा?"

"मीबी आधी असंच म्हणायचो," बसलिंगप्पा म्हणाला आणि बटणं लावू लागला.