बिनलेबलाचं पिंप

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. कारखान्याच्या मागच्या अंगाला, जिथे उगाच कोणी फिरकत नाही, तिथे घातक कचऱ्याची शेड होती आणि तिची किल्ली मास्तरांच्या कमरेला असायची. नळाच्या तोट्यांना आणि दारांच्या कड्यांना चकचकीत मुलामा देणारा तो कारखाना. पुढच्या दाराने चकाकी बाहेर पडायची आणि मागच्या दाराने तिची घाण. वापरून झालेलं आम्ल, सायनाइडचं पाणी, टाक्यांच्या तळाचा हिरवट गाळ, सगळं पत्र्याच्या नाहीतर प्लास्टिकच्या पिंपांत भरून मास्तरांच्या हवाली व्हायचं. कामगारांना ते येता-जाता उपदेश पाजायचे, म्हणून नाव पडलं मास्तर, आणि चिकटलं ते चिकटलंच.

उपदेश ठरलेले. प्रत्येक पिंपावर लेबल हवं. झाकण सदा बंद हवं. आम्ल या भिंतीला, सायनाइड त्या भिंतीला, मधे सिमेंटचा बांध. "या दोघांची गाठ पडली ना, तर पळायलासुद्धा उसंत मिळायची नाही!" आणि सगळ्यांत लाडका उपदेश रिकाम्या पिंपाचा. "भरलेलं परवडलं रे बाबांनो. त्याला माणूस भिऊन असतो. रिकाम्याला कोणी भीत नाही, आणि रिकामं कधी रिकामं नसतं. तळाला काहीतरी उरलेलंच असतं. काही नाही तर वाफ तरी." कामगार मान डोलवायचे आणि मास्तरांची पाठ फिरली की त्यांची हुबेहूब नक्कल करायचे. मास्तरांना ते ठाऊक होतं. नक्कल करायला का होईना, पोरांचे शब्द पाठ होतात, एवढ्यावर ते खूश असायचे.

त्यांची आणखी एक सवय होती. पिंप हलवण्याआधी ते बोटाच्या पेराने ठोकून बघायचे. वर, मधे, खाली. माल असेल तिथे आवाज दबका येतो, पोकळ असेल तिथे घुमतो. ही विद्या त्यांनी आपल्या लेकीलाही दिली होती. बायकोची नोकरी दूरच्या गावी, लेक तिच्यापाशी. फोनवर बोलताना लेक अंगणातली पाण्याची टाकी ठोकायची.

"बाबा, ओळख."

"अर्धी."

"चूक! पाऊण!" आणि मग खिदळणं. फोन ठेवल्यावर मास्तर बराच वेळ तसेच बसून राहायचे. तिच्या केसांना लावलेल्या तेलाचा वास त्यांना आठवायचा. शेडमधल्या आंबट-कडू वासात तो वास आठवणं म्हणजे काही सोपं काम नव्हतं, पण त्यांना जमायचं.

अखेर बायकोच्या गावी बदली मंजूर झाली. लेकीची शाळा सुरू व्हायची होती आणि पहिल्या दिवशी बाबाच सोडायला येणार, असं वचन मास्तरांनी देऊन टाकलं होतं. मोठे साहेब म्हणाले, "शेड पूर्ण रिकामी करा, किल्ली माझ्या हातात द्या आणि खुशाल जा. पण एकही पिंप मागे राहिलं तर सोडता यायचं नाही, मास्तर. नियम तुम्हीच करून घेतलाय."

खरं होतं. आधीचा शेडवाला ढीगभर घोळ मागे ठेवून गेला होता. ते निस्तरताना मास्तरांना घाम फुटला होता, आणि तेव्हा त्यांनीच हट्टाने हा नियम करून घेतला होता.

विल्हेवाट केंद्राचा ट्रक आला. ट्रकवाला बडबड्या माणूस, मास्तरांचा जुना दोस्त. फोर्कलिफ्टवाल्याने एकेक पिंप आणून चढवलं, मास्तरांनी ठोकून, लेबल बघून, मान हलवून पुढे पाठवलं. दुपारपर्यंत शेड मोकळी झाली. उरलं एकच, उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं. काळं, पत्र्याचं, झाकणाला लोखंडी कडं आवळलेलं. लेबल नाही, लेबल फाटल्याची खूणही नाही. मास्तरांनी चार्ज घेतला तेव्हापासून ते तिथेच होतं. जुना शेडवाला जाताना एवढंच म्हणाला होता, "ते असू दे कडेला." रोजच्या धबडग्यात मास्तरांनाही मग ते असू द्यायची सवय लागली.

"आत काय आहे?" ट्रकवाल्याने विचारलं.

"ठाऊक असतं तर लेबल लावलं नसतं का?"

"मग मी नाही नेत. काय आहे ते ठाऊक नाही, तर जाळायचं की पुरायचं की धुवायचं, कसं ठरवणार? तपासणी करणारी माणसं येतील, उघडतील, नमुना घेतील. मग पुढच्या खेपेला बघू." त्याने पिंपाभोवती एक चक्कर मारली आणि हसला. "मास्तर, हा तर तुमचा घरजावई! काही केल्या हलायचा नाही."

मास्तरांनी सवयीने ठोकलं. वर, मधे, खाली. तिन्हीकडे दबका आवाज. म्हणजे काठोकाठ भरलेलं. फोर्कलिफ्टवाल्याने ते जरा पुढे घ्यावं म्हणून काटे खाली सरकवले आणि उचललं, तर गाडीची मागची चाकंच जमिनीवरून सुटली. त्याने घाबरून काटे खाली घेतले. "यात शिसं ओतलंय की काय?" तो म्हणाला. वरचं बूच फिरवून बघितलं, तर ते पत्र्यात मुरल्यासारखं घट्ट. मास्तरांनी वाकून वास घेतला. वास नव्हता. पिंपाला नव्हता, आणि त्या कोपऱ्यालाही नव्हता. बाकी शेड नाकात बोचत होती, पण तिथे वाकलं की नाक बंद झाल्यासारखं व्हायचं. इतकी वर्षं आपल्या हे लक्षात कसं आलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

तपासणीची माणसं येतो म्हणाली आणि आली नाहीत. मग परत येतो म्हणाली. कधी त्यांची गाडी बंद, कधी माणूस आजारी. मास्तरांनी फोन करकरून त्यांचं डोकं खाल्लं. इकडे सामान बांधून ठेवलेलं, खोली रिकामी केलेली, तिकडे शाळेचा दिवस जवळ येत चाललेला. रोज सकाळी मास्तर शेड उघडायचे आणि त्या एवढ्या मोठ्या मोकळ्या जागेत एका पिंपाची राखण करत बसायचे. जीव नुसता कोंडून जायचा. एका दुपारी ते चिडून उठले आणि पिंपावर पेराने ठोकलं. वर, मधे, खाली.

परत फिरणार, तोच आवाज आला. खाली, मधे, वर.

मास्तर थांबले. पत्रा तापला की बोलतो, त्यांनी स्वतःला समजावलं. उन्हाने फुगतो, सावलीने आखडतो, त्यात एवढं काय! त्यांनी पुन्हा ठोकलं. थोडं थांबून उत्तर आलं. तसंच, तळापासून वर चढत. पेर लागावं तितकं हलकं.

त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार? बदली बाजूला राहील आणि आधी डॉक्टरकडे पाठवतील. फोर्कलिफ्टवाला मात्र आपणहून म्हणाला, "मास्तर, मी जेवायला बसायचो ना शेडच्या सावलीला, आता नाही बसत." एवढं म्हणून तो डबा घेऊन पुढच्या अंगाला गेला.

लेकीचा फोन आला तेव्हा ते शेडमध्येच होते. तिने टाकी वाजवली, त्यांनी ओळखली. मग ती म्हणाली, "आता तू वाजव, मी ओळखते."

जवळपास दुसरं पिंपच नव्हतं. मास्तरांनी फोन पुढे धरून ठोकलं.

"भरलेलं!" लेक ओरडली. मग म्हणाली, "बाबा, तिथे कोण काका आहेत?"

"कोणी नाही गं."

"आहेत. त्यांनी परत वाजवलं." आणि तिने अगदी साधेपणाने विचारलं, "ते बाहेर कधी येणार?"

मास्तरांनी काहीतरी बोलून फोन ठेवला आणि शेडला कुलूप घालून ते उन्हात जाऊन उभे राहिले. भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त राग येत होता. शाळा परवावर आली होती. ते तिथे उन्हात उभे होते आणि पोर तिकडे वाट बघत होती, एका मेल्या पिंपापायी!

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, सगळे कामगार पुढच्या अंगाला असताना, मास्तरांनी ते केलं जे दुसऱ्या कोणी केलं असतं तर त्यांनी त्याला फाडून खाल्लं असतं. अनोळखी पिंप एकट्याने उघडायचं नाही, हा उपदेश त्यांचाच होता. पण त्यांना जायचं होतं.

तयारीत त्यांनी कसूर ठेवली नाही. जाड हातमोजे, रबरी बूट, तोंड-नाक-डोळे झाकणारा मुखवटा. ठिणगी पडू नये म्हणून पितळी पाना. शेडची दोन्ही दारं सताड उघडी.

कडं सैल व्हायला लागलं तसं आतून ठोकणं सुरू झालं. या वेळी मास्तरांनी आधी ठोकलं नव्हतं. खाली, मधे, वर. खाली, मधे, वर.

मुखवट्यात त्यांना स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता.

कडं निघालं.

ठोकणं थांबलं.

झाकण बोटाने नुसतं ढकललं तर सरकलं.

आत काहीच नव्हतं.

मास्तरांनी वाकून बघितलं. तळ दिसत होता. गंजाचा ठिपका नाही, ओल नाही, गाळाची रेघ नाही. नवं कोरं असावं तसं पिंप. दबक्या आवाजाचं, फोर्कलिफ्टची चाकं उचलणारं पिंप पार रिकामं.

त्यांना हसू फुटलं. एवढे दिवस! एवढ्यासाठी! सुटल्याच्या आनंदात ते हसत राहिले, मुखवट्याची काच धुरकटली, पुढचं दिसेना, म्हणून त्यांनी तो काढला. आणि शेवटची खात्री म्हणून पिंपात डोकं घालून एक खोल श्वास घेतला.

वास नव्हता. हवा मात्र जराशी गार होती.

फोर्कलिफ्टवाला आला. काटे लावायची गरजच पडली नाही. त्याने ते पिंप हाताने कलतं केलं, ठोकलं, आणि ते घंटेसारखं घुमलं. त्याने सगळी शेड नजरेने धुंडाळली. जमीन कोरडी, बांध कोरडा, नाली कोरडी.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "ओतलंत कुठे?"

"रिकामंच होतं रे."

तो पिंपापासून दोन पावलं मागे सरला. पिंपापासून की मास्तरांपासून, ते त्या घाईत मास्तरांच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळच्या आत ट्रकवाला येऊन रिकामं पिंप भंगारात घेऊन गेला. "घरजावई निघाला एकदाचा!" म्हणत त्याने भोंगा वाजवला. किल्ली मोठ्या साहेबांच्या हातात पडली, आणि मास्तर मिळेल त्या बसमध्ये चढले. बसच्या पायऱ्या चढताना पाय जड झाले, दमलो असेन म्हणून त्यांनी सोडून दिलं. ते बसले तशी सीट करकरत खाली गेली आणि शेजारचा गृहस्थ त्यांच्याकडे घसरला. "सॉरी हं," मास्तर म्हणाले. बसला डिझेलचा वास येत नव्हता. पलीकडे कोणी संत्रं सोलत होतं, त्याचाही नाही. वर्षानुवर्षं शेडमध्ये राहून नाक गेलं वाटतं, असं मनाशी म्हणत त्यांनी डोळे मिटले.

सकाळी दार लेकीनेच उघडलं. नवा गणवेश, नवं दप्तर, केसांना तेल लावून घट्ट वेण्या घातलेल्या. "बाबा आला!" म्हणत तिने उडी मारून मिठी घातली. मास्तरांनी तिच्या केसांत तोंड खुपसलं आणि श्वास घेतला. पुन्हा घेतला. काहीच आलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिला दिसू नये म्हणून ते मान फिरवून पलंगावर बसले. पलंग मधोमध वाकला.

"अहो, चहा टाकते," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग जा तिला घेऊन. पहिल्याच दिवशी उशीर नको."

लेक पलंगावर चढून त्यांच्या पाठीमागे उभी राहिली. तिला खेळ सुचला होता. तिने बोटाचं पेर दुमडून बाबाच्या पाठीवर ठोकलं. मानेखाली, मधे, कमरेपाशी.

"भरलेला!" ती हसली. "काठोकाठ!"

मास्तरही हसणार होते. तेवढ्यात पोटाच्या तळाशी, आतल्या बाजूने, काहीतरी हलकेच लागलं. पेर लागावं तेवढंच. मग बरगड्यांखाली. मग गळ्याच्या अगदी जवळ.

लेकीने टाळ्या पिटल्या. "आई! बाबाबरोबर काकापण आले!"

"कोण गं काका?" आतून कपबशांचा आवाज आला. "बसा म्हणावं. त्यांनाही चहा टाकते."

लेक पुढे येऊन मास्तरांच्या गुडघ्यांना बिलगली आणि अगदी जवळून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "बाबा, बोल ना. काका कुठे आहेत?"

मास्तरांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. एका हाताने त्यांनी तिला हळूच दूर सारलं, दाराकडे, मोकळ्या हवेकडे, आणि दुसरा हात आपल्या तोंडावर दाबून धरला.

गळ्यापाशी पुन्हा ठोकल्यासारखं झालं.