निळी की नळी?

झडपेशेजारच्या पडद्यावर सकाळपर्यंत स्वच्छ मराठी अक्षरं होती. दुपारी ऊर्मीने पाहिलं, तर तिथे हे लिहिलेलं होतं:

fuGh >Mi m?kMk
uGh >Mi m?kMk
fnok ykok

ही कुठली भाषा? अक्षरं इंग्रजी होती, पण ही इंग्रजी नव्हती. एरवी असलं कोडं ऊर्मीने आवडीने सोडवलं असतं. पण आज झडपेच्या पलीकडून बाबा ठोठावत होते.

‘शिंपला’ ही देवबागच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्राच्या तळाशी बसवलेली लहानशी वसाहत. तिथे ऊर्मी कुबल, तिचे आईबाबा आणि झाडू नावाचा यंत्रमानव, एवढेच राहत. आई आज किनाऱ्यावर गेली होती. बाबा पोवळी तपासून परत आले आणि जलकक्षात (समुद्र आणि घर यांच्यामधल्या छोट्या खोलीत) शिरले. बाहेरचं दार लागलं, पाणी उपसलं गेलं. त्यानंतर घरात येणारी निळी झडप आपोआप उघडायला हवी होती. आज ती उघडली नाही. पडद्यात बिघाड झाला की आपोआप होणारी कामं थांबत आणि हुकूम हातानेच द्यावा लागे. पडदा नुसता ‘हुकूम द्या’ असं सुचवणारा दिवा मिचकावत राहिला. हुकमांची बटणं तीन होती आणि तिन्हींवरची नावं वाचता येत नव्हती.

त्या एवढ्याशा खोलीतली हवा किती पुरणार? ठोठावण्याचा आवाज मघापेक्षा हळू झाला होता.

“झाडू, तू काय केलंस?”

झाडू घरही साफ करायचा आणि घरातले संगणकही. तो ऐटीत म्हणाला, “सकाळी जागा मोकळी केली. एक जुना फॉन्ट (अक्षरांचा साचा) नुसता पडून होता. पुसला.”

“परत आण तो.”

“कचरापेटीसुद्धा रिकामी केली. मी कुठलंही काम अर्धवट ठेवत नाही.”

एखादी वस्तू कोण वापरतं हे न विचारता ती फेकून देणारे महाभाग प्रत्येक घरात असतात. हा महाभाग चाकांवर फिरत होता, इतकंच. त्याच्याशी भांडायला वेळ नव्हता. ऊर्मीने आबांना फोन लावला. आबा म्हणजे तिच्या बाबांचे बाबा. ते किनाऱ्यावर राहत. संगणकावर अक्षरं कशी दिसतात, याच्याच संशोधनात त्यांचा जन्म गेला होता. एरवी ते अगदी पुस्तकी मराठी बोलत. पण घाबरले की त्यांच्या तोंडून मालवणी निघायची.

ऊर्मीने सगळं सांगितलं.

“हर्षद भितर आसा?” बाबा आत आहेत का, असं त्यांनी विचारलं.

ते मालवणीत बोलले आणि ऊर्मीला रडूच फुटलं.

“रडू नको. ऐक,” आबा आवाज सावरत म्हणाले. “संगणकाला अक्षर कळत नाही, फक्त क्रमांक कळतो. त्या क्रमांकाला चेहरा देतो फॉन्ट. पूर्वी मराठीला स्वतःचे क्रमांक नव्हते. मग आम्ही इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरं भाड्याने ठेवली. ‘यू’च्या घरात ‘न’, असं. आता साचा गेला. भाडेकरू निघून गेले आणि दारावर मूळ मालकांची नावं उरली. तुला तीच दिसताहेत.”

“मग आपली पुस्तकं का नाही बिघडली?”

“ती युनिकोडमध्ये आहेत. युनिकोड म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना एकेक कायमचा क्रमांक. तिथे मराठीचं स्वतःचं घर आहे. आता महाजालावर ‘फॉन्ट परिवर्तक’ शोध. फुकट असतो. एका चौकटीत ही जुनी अक्षरं जशीच्या तशी टाक, दुसऱ्या चौकटीत युनिकोड मराठी मिळेल. कुठला फॉन्ट ते विचारेल.”

पुसलेल्या फॉन्टचं नाव झाडूने धडाधड सांगितलं. ऊर्मीने एकेक अक्षर आणि एकेक चिन्ह पाहून टंकलं. दुसऱ्या चौकटीत मराठी उमटली:

नळी झडप उघडा
नळी झडप उघडा
दवा लावा

तिला वाटलं, आपलंच काही चुकलं. तिने पुन्हा टंकलं. पुन्हा तेच आलं. दोन बटणं आणि दोन्हींवर नाव एकच! नळीची झडप तिला ठाऊक होती. ती उघडली की जलकक्षात समुद्राचं पाणी शिरतं. या दोनांतलं एक बटण बाबांना घरात आणणार होतं आणि दुसरं त्यांना बुडवणार होतं.

“आबा, पहिलं दाबू की दुसरं?”

“थांब गो बाय, हात लाव नको,” आबा म्हणाले. “खूप वर्षां झाली. माका आठवत नाय.”

ठोठावणं थांबलं होतं.

ऊर्मीने पडद्यावरच्या ओळी पुन्हा ताडून पाहिल्या. आणि मग तिच्या लक्षात आलं की मराठी ओळी सारख्या असल्या, तरी मूळ ओळी सारख्या नव्हत्या. पहिलीत सुरुवातीला एक f जास्त होता. तिसरीतही होता. परिवर्तकाने दोन्हीकडे तो गिळला होता.

‘एफ’च्या घरात कोण राहत होतं? आणि झडपेजवळ दवा कशाला लावायची?

पहिलीत असताना बाईंनी घोकून घेतलेलं तिच्या ओठांवर आलं. “द ला काना दा. द ला पहिली वेलांटी दि...” ती थबकली. “आबा, दवा नाही, दिवा! एफ म्हणजे पहिली वेलांटी. पण ती द च्या आधी कशी?”

“खरं आहे!” आबा म्हणाले. “कागदावर बघ, पहिली वेलांटी कुठे दिसते? अक्षराच्या डावीकडे. जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने टंकायचो, म्हणून वेलांटी आधी. युनिकोड तुझ्या बाईंसारखं म्हणतं, आधी द, मग त्याला वेलांटी. परिवर्तकाला शब्दाच्या तोंडाशी एकटी वेलांटी सापडली. अशी ती असूच शकत नाही म्हणून त्याने चूक समजून गाळली असणार.”

म्हणजे पहिली ओळ ‘निळी’ आणि दुसरी ‘नळी’. पण हे खरं नसलं तर? नुसत्या अंदाजावर बाबांचा जीव टांगायचा?

“आधी तिसरं बटण दाबते,” ती म्हणाली. “दवा असो की दिवा, त्याने कुणी बुडत नाही.”

तिने दाबलं. जलकक्षात दिवा लागला. झडपेच्या गोल काचेतून बाबा दिसले. ते भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांचे डोळे मिटलेले होते.

ऊर्मीने पहिल्या बटणावर बोट ठेवलं. दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलं आणि दाबलं. तो आवाज पाण्याचा आहे की झडपेचा, हे तिला आधी कळेचना. मग निळी झडप सरकली, घरातली हवा आत शिरली आणि बाबांना जोराचा खोकला आला. तो खोकला ऐकून फोनवर आबा रडू लागले.

संध्याकाळी बाबा चहा पीत बसले होते आणि ऊर्मी त्यांना अगदी खेटून बसली होती. पडद्यावरची सगळी नावं तिने युनिकोडमध्ये बदलून टाकली होती. झाडूला नवा नियम शिकवला होता: पुसण्याआधी विचारायचं आणि एक प्रत जपून ठेवायची.

“समुद्रात अशा जुन्या पडद्यांच्या वसाहती अजून आहेत,” आबा फोनवर म्हणाले. “परिवर्तक बनवणाऱ्यांना ही चूक कळव. त्यांनी वेलांटी अक्षराच्या नंतर सरकवली की पुढे कुणालाच तुझ्यासारखं घाबरावं लागणार नाही.”

ऊर्मीने परिवर्तकाचं पान उघडलं आणि चूक नीट समजावून लिहिली. खाली एक प्रश्न होता: आपण हे साधन कशासाठी वापरलंत?

तिने बाबांकडे एकदा पाहिलं आणि टंकलं, “बाबांना घरात घ्यायला.”