चालकाशेजारची जागा

सन १९९८चा ऑक्टोबर. शरद ऋतू सरत आलेला. आइसलंडच्या पूर्वेकडील त्या दरीत मेंढ्या कापण्याचे दिवस होते, आणि उन्नुरबाई स्वयंपाकघरात बसून मेंढीच्या पोटाच्या पिशव्या शिवत होत्या. आत रक्त, पीठ आणि चरबी भरायची, तोंड शिवायचे, मग उकळत्या पाण्यात सोडायची, की झाली रक्ती. त्यांचा टाका बारीक आणि एकसारखा असे. पोटात जायच्या वस्तूला एवढे नक्षीकाम कशाला, असे शेजारणी म्हणत. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले होते, "फुटली तर पातेलं कोण घासणार?"

त्या दिवशी मात्र शिवता शिवता त्यांची नजर अंगणाकडे जात होती. अंगणात ट्रक उभा होता, आणि तो पाहायला दुपारच्या बसने गिऱ्हाईक येणार होते.

ट्रक त्यांच्या यजमानांचा, ओड्डुर यांचा. टेलिफोन खात्यात तारा ओढण्यात ओड्डुर यांचा जन्म गेला. पुढे तारा जमिनीखाली गेल्या, खांब उपटले गेले, खात्याने हा ट्रक मोडीत काढला आणि ओड्डुरनी तो घरी आणला. या वसंतात त्यांना पक्षाघाताने गाठले. आता ते ह्राफ्ना पठाराच्या पलीकडे, खाडीकाठच्या गावातील शुश्रूषागृहात होते. त्याच गावात उन्नुरबाईंनी एक खोली पाहून ठेवली होती. ट्रक विकला जाईल तेव्हाच ती त्यांना मिळणार होती, आणि घरमालक हिवाळ्याच्या पहिल्या दिवसापर्यंत थांबायला कबूल झाला होता. त्यानंतर खोली दुसऱ्याला जाणार, पठार बर्फाने बंद होणार, आणि पतिपत्नींचा हिवाळा डोंगराच्या दोन अंगांना जाणार. ओड्डुर पुढचा वसंत पाहतील, असे तर डॉक्टरही म्हणत नव्हते.

ओड्डुरनी विक्रीला एकच अट घातली होती, तीही अर्ध्या जिभेने. "घेणाऱ्याला... वरचं सांग. न सांगता देऊ नकोस."

उन्नुरबाईंनी शब्द दिला होता.

गिऱ्हाईक म्हणजे हेक्ला नावाची तिशीतली मुलगी निघाली. राजधानीत पाव भाजण्याच्या भट्टीवर कामाला होती. बसमधून उतरली ती घरात न येता थेट ट्रकखाली सरपटत गेली, आणि नाकाला चिखल लावून बाहेर आली.

"स्प्रिंगचे पाटे चांगले आहेत. खाली गंज आहे पण."

"माझ्याही सांध्यांत आहे. चालतेच ना मी?"

हेक्ला हसली. मागच्या बंद हौद्यात चढून तिने दोन्ही हात वर केले. "ताठ उभं राहता येतं, उन्नुर. इथे आडवा पलंग, इथे खिडकी कापीन. शेगडी तर आयतीच आहे."

"तारवाल्यांचे पाय शेकायची शेगडी ती. धूर करते."

"भट्टीवाली आहे मी. धूर मला भितो."

"आणि राहणार कुठे?"

"रस्ता संपतो तिथे."

"रस्ता संपल्यावर मोटार काय कामाची?"

"चारही चाकं ओढतात ना? मग रस्ता हवाय कुणाला."

"नवरा नाही?"

"होता. त्याला न हलणाऱ्या भिंती आवडतात."

उन्नुरबाईंना ती मुलगी आवडली, आणि म्हणूनच त्यांचे मन खट्टू झाले. हिला वरचे सांगायचे तरी कसे? हसेल, नाहीतर बस धरून परत जाईल.

"चढावर नेऊन बघू का?" हेक्लाने विचारले. "तुम्ही चला बरोबर."

ओड्डुरना ताजी रक्ती न्यायचीच होती. उन्नुरबाईंनी डबा फडक्यात बांधला आणि त्या मागचा बाक सोडून चालकाशेजारी जाऊन बसल्या.

दरी सुटली तसे धुके लागले. दोन्ही बाजूंना काळे खडक, त्यांच्यावर शेवाळ, आणि रस्त्याच्या कडेने एकेकाळच्या खांबांचे तुटके बुंधे. इंजिनाचा आवाज धुक्यात जिरून जात होता. वर, सपाटीच्या मध्यावर, वाटसरूंसाठी बांधलेला जुना निवारा होता. ओड्डुर "वरचं" म्हणत ते त्याचेच.

गोष्ट मोटारी नव्हत्या तेव्हाची. जिवंत माणूस दारावर तीन थापा मारतो, एकच मारली तर ती मेलेल्याची, आणि तिला दार उघडायचे नसते, असा त्या मुलखात समज. एका हिमवादळात टपाल घेऊन निघालेला मनुष्य या निवाऱ्याशी पोहोचला. दारावर त्याची एक थाप पडली. दुसरीसाठी हात उचलेना. आतल्या माणसांनी ती ऐकली, एकमेकांकडे पाहिले, आणि कडी तशीच राहू दिली. सकाळी ते दार बाहेर लोटू लागले तर लोटेना. तो दाराला पाठ टेकून बसलेला होता.

तेव्हापासून पठार ओलांडणारा प्रत्येक तारवाला निवाऱ्याशी गाडी उभी करी. थापेची वाट न पाहता चालकाशेजारचे दार उघडी आणि म्हणे, "येणाऱ्याने यावं, जाणाऱ्याने जावं, मला नि माझ्या माणसांना इजा नसावी." एक प्रार्थना म्हणण्याइतका वेळ थांबून दार लावी. पुढे उतारावर, शेवटच्या दगडांच्या राशीशी, पुन्हा दार उघडून त्याला उतरवून देई. वस्तीत त्याला कोणी आणीत नसे.

उन्नुरबाई चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत आणि असल्या गोष्टींना थारा देत नसत. "ज्याला घरी न्यायचं नाही, त्याला गाडीत तरी कशाला घ्यायचं?" असे त्या विचारीत. ओड्डुर म्हणत, "अगं, घेतल्यावर कळतं."

धुक्यातून निवाऱ्याचे छप्पर वर आले. आता "थांब" म्हणायचे, जागेवरून उठायचे, दार उघडून रिकाम्या रस्त्याशी बोलायचे, आणि शहरातली ही हुशार मुलगी ते बघणार. उन्नुरबाईंनी मांडीवरचा डबा सरळ केला. छप्पर मागे गेले.

थोडे पुढे गेल्यावर हौद्याच्या पत्र्यावर बाहेरून थाप पडली. एकच.

हेक्लाने वेग कमी केला. "काय होतं ते?"

"दगड उडाला असेल."

"इतक्या उंच?"

"चल पोरी. रक्ती गार होतेय."

रक्ती केव्हाच गार झाली होती. डब्यावरचा स्वतःचा हात उन्नुरबाईंना परक्याचा वाटला. आतल्या माणसांनीही असेच काहीतरी साधे, पटण्यासारखे कारण एकमेकांना सांगितले असेल, असे त्यांच्या मनात आले. आणि आल्यावर ते जाईना.

शुश्रूषागृहात ओड्डुर खिडकीकडे तोंड करून पडले होते. उन्नुरबाईंनी उशी सारखी केली, रक्तीचे काप केले, हवापाण्याचे बोलल्या. पठाराविषयी एक अक्षर काढले नाही. ओड्डुरनी घास घेतला नाही.

"दुसरी मारायला..." ते म्हणाले, "त्याच्यात जोर नाही गं."

परतताना पेट्रोलपंपावर हेक्ला टाकी भरत असता उन्नुरबाई खाली उतरल्या, तिच्यासमोर उभ्या राहिल्या, आणि शाळेत धडा म्हणावा तशी त्यांनी ती हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली.

"म्हणजे मघाशी तो दगड नव्हता," हेक्ला म्हणाली.

"नव्हता."

"विकायचा होता म्हणून बोलला नाहीत?"

"हो. आणि लाज वाटली म्हणूनही."

हेक्लाने नळी जागेवर अडकवली, हात पुसले. "माझ्या आजीकडे एक खुर्ची होती. तिच्यावर आम्हाला बसू देत नसत. कुणाची, ते विचारायचं नाही." ती चालकाच्या जागेवर चढली. "तुम्ही मागच्या बाकावर बसा. थांबू आपण."

निवाऱ्याशी पोहोचले तेव्हा दिवस मावळत होता आणि धुक्याला राखेचा रंग आला होता. हेक्लाने इंजिन बंद केले. ती शांतता कानांवर ओल्या कापडासारखी बसली. हेक्लाने वाकून पलीकडचे दार उघडले. शब्द उन्नुरबाईंनी मागून म्हटले. त्यांना वाटले होते त्यापेक्षा आवाज बारीक निघाला.

काहीच झाले नाही. मग भिजल्या लोकरीचा वास आला, आणि त्यात मिसळलेला, फार वर्षांत न आलेला एक वास: पाकिटावर लावायच्या लाखेचा. उघड्या दाराखालचा, उजवीकडचा पाटा हळूच करकरला. गाडी त्या अंगाला किंचित कलली.

"दार...?" हेक्ला कुजबुजली.

"लाव आता."

गाडी उताराला लागली. मग हेक्ला समोर बघतच म्हणाली, "मी घेतला."

"काय?"

"ट्रक. घेतला मी."

"हे सगळं ऐकून?"

"ऐकलं म्हणून. न सांगता दिला असतात, आणि मी एकटी इथे वर झोपले असते... तर?"

तिने मागे हात केला. उन्नुरबाईंनी तो धरला. त्यासाठी त्यांना पुढच्या रिकाम्या जागेवरून हात न्यावा लागला, आणि तेवढ्या जागेत हवा विहिरीच्या तळासारखी गार होती. पण सौदा झाला होता. खोली मिळणार होती, ओड्डुर यांचा हिवाळा एकट्याचा जाणार नव्हता. उन्नुरबाईंना हसू आले, हेक्लालाही आले, भाव ठरला, कागद कधी करायचे ते ठरले; आणि घराचे दिवे दिसले तेव्हा उन्नुरबाईंच्या ध्यानात आले की दगडांची रास मागेच राहिली.

कागद होईपर्यंत हेक्ला बसने परत गेली. ट्रक अंगणात राहिला, उजव्या अंगाला कललेला. उन्नुरबाई रोज संध्याकाळी जाऊन दार उघडत, शब्द म्हणत, थांबत. गाडी सरळ होईना. त्यांना भीती वाटे. पण भीतीहून एक गोष्ट अधिक टोचे. इतकी वर्षे त्याला वस्तीच्या तोंडाशी आणून परत पाठवले, आणि आता तो प्रथमच एका घराच्या अंगणात आला, तर त्या घराचेही दार बंदच. घरात घ्यावे तर कसे? बाहेर ठेवावे तर कोणत्या तोंडाने?

हिवाळ्याच्या पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी टेबलावर एक ताट मांडले. गरम रक्ती, कुस्करलेला सलगम, बाजूला चमचा. मग घराचे दार सताड उघडले आणि स्वतः पाठमोऱ्या उभ्या राहून भांडी विसळत राहिल्या. वारा आत आला. लाखेचा वास आला. अंगणात पाटा करकरला.

ताटाला कोणी हात लावला नाही. ट्रक मात्र सरळ उभा होता. ती रात्र उन्नुरबाईंनी चुलीशी, खुर्चीत बसून काढली. खुर्ची त्यांनी भिंतीला टेकवून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी हेक्ला आली. सह्या झाल्या.

"तो घरात आहे," उन्नुरबाई म्हणाल्या.

हेक्लाने ट्रकचे दार उघडून ठेवले, उंबऱ्याशी येऊन उभी राहिली, आणि घरच्या म्हाताऱ्याला बोलावे तशी आत बघून म्हणाली, "चला आजोबा. वरपर्यंत सोडते." गाडी कललेली दिसल्यावर ती वळली. "तुम्हीही चला ना, उन्नुर. मागे जागा आहे."

"उद्या येईन. शेजाऱ्यांची मेंढ्यांची गाडी जायचीय पलीकडे."

हेक्लाने आग्रह केला नाही. उन्नुरबाईंना वाटले, आपली भीती तिला कळली असावी.

दुपारी फोन वाजला. हेक्ला पलीकडच्या पेट्रोलपंपावरून बोलत होती. तिने घरमालकाला पैसे पोचवले होते. खोली उन्नुरबाईंच्या नावावर झाली होती.

"आणि वर?"

"निवाऱ्याशी दार उघडलं. आपणहून उतरला. गाडी हलकी झाली एकदम."

"बरं झालं," उन्नुरबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले, ते कशाने हे त्यांना सांगता आले नसते. "फार बरं झालं, पोरी."

"हो. पण मागच्या बाकावरच्या त्या बाईंना कुठे सोडू, ते सांगितलं नाहीत."

"कुठल्या बाई?"

"त्यांच्या पाठोपाठ तुमच्या घरातून आल्या त्या. मला आधी आरशात दिसल्या. मी आरसा पुसून पाहिला, उन्नुर... चेहरा तुमचाच."

"काही... बोलल्या?"

"विचारलं मी. म्हणाल्या, उन्नुर उद्या येतेच आहे, तोवर तिच्या खोलीवर थांबते. पत्ता त्यांना पाठ आहे."

हेक्ला आता हसेल, म्हणून उन्नुरबाई रिसीव्हर कानाशी धरून उभ्या राहिल्या. ती हसली नाही.