टाचेवरचा तीळ

परभणीच्या भाजीबाजारामागे पिठाची गिरणी आणि औषधांचं दुकान यांच्यामध्ये एक अरुंद गाळा होता. गिरणीत दळण ठेवायचं, ते होईपर्यंत शेजारच्या गाळ्यात जाऊन मानेवरची चामखीळ काढून घ्यायची आणि पीठ घेऊन घरी जायचं, हा बायकांचा क्रम गेल्या चार वर्षांत इतका रुळला होता की त्याचं कुणाला नवल वाटेनासं झालं होतं. गाळ्यावर ‘त्वचादीप’ अशी पाटी होती. आत एक खुर्ची, एक यंत्र आणि ते चालवणारी रेवती कच्छवे.

लेझरने तीळ किंवा मस जाळणं ही काही नवी गोष्ट नव्हती. नवा होता तो धुराचा उपयोग. पूर्वी एखाद्या तिळाबद्दल शंका आली तर डॉक्टर तो कापून प्रयोगशाळेत पाठवत. तिथे त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघत आणि आठ-दहा दिवसांनी उत्तर येई. त्वचादीपचं यंत्र पहिल्या ठिणगीतून उठणारा धूर ओढून घ्यायचं, त्यातले रेणू ओळखायचं आणि सात सेकंदांत निकाल द्यायचं. हिरवा दिवा म्हणजे निरुपद्रवी, पूर्ण जाळून टाका. लाल म्हणजे थांबा, मोठ्या रुग्णालयात पाठवा. याला धूम्रपरीक्षा म्हणत. चार वर्षांत रेवतीने चार हजारांवर तीळ आणि मस काढले होते. लाल दिवा एकोणीस वेळा लागला होता आणि एकोणीसही वेळा तो खरा ठरला होता. रेवतीचा त्या यंत्रावर विश्वास बसला तो असा, अनुभवाने.

गरुडबाई तिच्याकडे आल्या त्या गेल्या वर्षीच्या जानेवारीत. विमल गरुड या जिल्ह्यातल्या खो-खोच्या नामांकित प्रशिक्षक. रेवती शाळेत असताना सहा वर्षं त्यांच्याच हाताखाली खेळली होती. बाई बावन्न वर्षांच्या झाल्या तरी मैदानात अनवाणी उतरायच्या. त्यांच्या डाव्या टाचेवर एक काळपट तीळ होता. वर्षभरात तो थोडा पसरला होता आणि मातीत धावताना खुपायला लागला होता. राज्य स्पर्धा तीन आठवड्यांवर आलेली. हा एकदाचा काढून टाकावा, असं त्यांच्या मनात होतं, पण खुर्चीत बसल्यावर त्या जरा अडखळल्या. आधी एखाद्या डॉक्टरला दाखवू का, असं त्यांनी विचारलं.

“बाई, डॉक्टरही हेच करणार,” रेवती म्हणाली. “फक्त आठवड्याने. इथे सात सेकंदांत कळतं.”

हिरवा दिवा लागला. रेवतीने तीळ पूर्ण जाळला, मलम लावलं, पट्टी बांधली. तीन आठवड्यांनी बाईंच्या मुली राज्यात दुसऱ्या आल्या.

ऑक्टोबरमध्ये बाई परत आल्या तेव्हा टाच स्वच्छ होती. जांघेत मात्र सुपारीएवढी गाठ आली होती आणि ती दुखत नव्हती. ही गाठही लेझरने जाते का, एवढंच विचारायला त्या आल्या होत्या. गाठ हाताला लागली तशी रेवतीने गाळा बंद केला आणि ती त्यांना घेऊन थेट डॉ. अनसूया मुळावेकरांच्या घरी गेली.

मुळावेकर डॉक्टरांनी तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लोकांच्या गाठी तपासल्या होत्या. धूम्रपरीक्षा आल्यावर त्यांच्याकडे नमुने येणं कमी होत गेलं आणि शेवटी त्यांनी प्रयोगशाळा बंद केली. सूक्ष्मदर्शक तेवढा घरी आणून ठेवला होता. त्यांनी गाठ चाचपली, टाच पाहिली आणि टाचेवरच्या तिळाचा नमुना कुठे आहे, असं विचारलं.

रेवती म्हणाली, नमुना नसतो. सगळं जळून जातं.

 डॉक्टरांनी लगेच संभाजीनगरच्या एका शल्यविशारदांना फोन लावला.

चार दिवसांनी गाठ काढली गेली. तो मेलानोमा निघाला, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. टाचेवरून निघून तो जांघेतल्या ग्रंथीपर्यंत पोचला होता आणि फुप्फुसातही त्याचे ठिपके दिसत होते. जानेवारीत तो बहुधा फक्त टाचेत असावा, असं शल्यविशारद म्हणाले. त्या वेळी आजूबाजूच्या कातड्यासकट कापून काढला असता तर कदाचित तेवढ्यावरच भागलं असतं. पण जानेवारीत तो नेमका किती खोल होता हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं, कारण पाहायला काही उरलं नव्हतं.

बाईंनी हे ऐकून घेतलं. त्यानंतर महिनाभर त्या रेवतीशी बोलल्या नाहीत. रेवती दोनदा दवाखान्यात गेली, दोन्ही वेळा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

त्या महिन्यात रेवतीचा हात कामावर चालेना. यंत्राने एकोणीस वेळा बरोबर ओळखलं होतं, मग बाईंच्या वेळीच का चुकलं? तिने हे गाळे चालवणाऱ्या त्वचादीप कंपनीला विचारलं. उत्तर आलं की प्रत्येक चाचणीत शेकड्यात एखादी चूक संभवते आणि तसं संमतिपत्रात लिहिलेलं आहे. मुळावेकर डॉक्टरांना हे उत्तर पटलं नाही. त्यांनी रेवतीला एकच गोष्ट विचारली: ते एकोणीस लाल दिवे शरीराच्या कुठल्या भागावर लागले होते? रेवतीने नोंदी पाहिल्या. चेहरा, मान, पाठ, दंड. तळवा एकदाही नव्हता. हाताचाही नाही आणि पायाचाही नाही.

डॉक्टर म्हणाल्या की आपल्याकडच्या माणसांना हा रोग होतो तेव्हा तो बहुतेक वेळा तळव्यावरच होतो. मग चार वर्षांत तिथे एकदाही लाल लागू नये?

ते तपासायचं कसं, हेही त्यांनीच सुचवलं, पण त्यासाठी बाईंची परवानगी लागणार होती. डिसेंबरमध्ये बाईंच्या काखेत दुसरी गाठ आली आणि ती काढायची ठरली. रेवती तिसऱ्यांदा दवाखान्यात गेली. तिने काय हवंय ते सांगितलं आणि ती दाराशीच उभी राहिली. बाईंनी तिच्याकडे मान वळवली.

“घे,” त्या म्हणाल्या. “माझ्या काही कामाची नाही ती.”

शल्यविशारदांनी गाठीचा एक तुकडा बर्फात ठेवून दिला. दुपारी साडेतीनला रेवती आणि मुळावेकर डॉक्टर गाळ्याचं शटर अर्धं ओढून आत बसल्या. शेजारी गिरणी चालू होती. डॉक्टरांनी तुकड्याचा चिमूटभर भाग काचपट्टीवर ठेवला. रेवतीने किरण सोडला. धूर आत गेला आणि सात सेकंदांनी लाल दिवा लागला. यंत्राला हा रोग ओळखता येत होता.

मग रेवतीने चप्पल काढली. अनवाणी खेळून खेळून तिच्याही टाचा जाड झालेल्या, शाळा सुटून पंधरा वर्षं झाली तरी तो जाडपणा गेला नव्हता. तिने ब्लेडने स्वतःच्या टाचेचं निबर कातडं तासलं. दोन-तीन पापुद्रे निघाले, जरा रक्त आलं. डॉक्टरांनी गाठीचा तेवढाच दुसरा भाग त्या पापुद्र्यांत गुंडाळला, तळव्याच्या कातडीखाली तीळ असतो तसा. रेवतीने पुन्हा किरण सोडला. नख जाळल्यासारखा वास सुटला.

हिरवा.

त्यांनी तीन वेळा करून पाहिलं. तिन्ही वेळा हिरवा.

डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. तळव्याच्या जाड कातड्याचा धूर इतका दाट असतो की खालच्या पेशींची खूण त्यात बुडून जाते. लोक तीळ काढतात ते बहुधा चेहऱ्यावरचे आणि मानेवरचे, म्हणून यंत्र शिकलं तेही तिथल्याच नमुन्यांवर. तळव्याचा धूर त्याला कुणी फारसा दाखवलाच नव्हता. आणि त्याच्याकडे दिवे दोनच होते. कळत नाही, असं म्हणायची सोय कुणी त्याला दिली नव्हती.

प्रयोगाचं चित्रण आणि सविस्तर पत्र कंपनीकडे गेलं. कंपनीने कळवलं की यंत्राचा वापर नियमाबाहेर झाला असल्याने हे निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाहीत. मात्र दोन आठवड्यांनी एका सकाळी यंत्र सुरू केलं तर त्यात नवा बदल आलेला होता. तळवा दाखवला की पडद्यावर अक्षरं उमटायची: ‘या भागासाठी सेवा उपलब्ध नाही.’ कारण दिलेलं नव्हतं. आधी ज्यांच्या तळव्यावरचे तीळ जाळले त्यांच्याबद्दल एक शब्द नव्हता. रेवतीने फोन करून विचारलं की त्या लोकांना कोण कळवणार. पलीकडच्या माणसाने सौम्य आवाजात सांगितलं की ग्राहकांची माहिती ही कंपनीची गोपनीय बाब आहे, तिचा खासगी वापर केल्यास कारवाई होईल.

त्या नोंदी रेवतीने आधीच एका वहीत हाताने उतरवून घेतल्या होत्या. तळव्यावरचा तीळ जाळलेले एकसष्ट जण तिच्या एका गाळ्यातून निघाले. असे गाळे राज्यात किती होते, ते तिला माहीत नव्हतं.

तरीही ती लगेच कुणाकडे गेली नाही. मुळावेकर डॉक्टरांनीच तिला सावध केलं होतं. एकसष्टांतल्या दोघा-तिघांच्या तिळात रोग असेल, कदाचित कुणाच्याच नसेल. पण कुणाच्या होता, हे सांगायला तीळ उरलेले नाहीत. म्हणजे सगळ्यांनाच घाबरवायचं, वर्षानुवर्षं दर तीन महिन्यांनी जांघ आणि काख चाचपायला लावायची, आणि खात्री कधीच द्यायची नाही. हे करावं की नाही, हे मी तुला सांगू शकत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या.

फेब्रुवारीत बाईंना घरी आणलं. औषधं लागू पडत नव्हती. रेवती भेटायला गेली तेव्हा त्या खाटेवर बसून संघाची यादी करत होत्या. या वेळी त्यांनी तिला बसायला सांगितलं. रेवतीने वहीबद्दल सांगितलं, आणि न सांगणं हेच त्या लोकांवर उपकार ठरेल का, हेही विचारलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “तुझ्यावर मी फार चिडले होते,” त्या म्हणाल्या. “अजून पूर्ण गेलेलं नाही ते. पण मला ऑक्टोबरात कळलं म्हणून माझ्या जागी कोण, हे तरी मी ठरवू शकले. घराचे कागद भावाच्या नावे केले. ज्यांच्याशी भांडले होते त्यांच्यातल्या दोघींना बोलावून घेतलं. तुझ्याकडे आले तेव्हा गाठ सुपारीएवढी होती. वाटाण्याएवढी असताना मला कुणी सांगितलं असतं, तर?”

बाईंनी पेन पुन्हा उचललं.

“जा आणि सांग. शिव्या खा. पण सांग.”

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बाई गेल्या. रेवतीने त्याआधीच गाळ्याची किल्ली कंपनीच्या माणसाकडे दिली होती. बाईंच्या तेराव्यानंतर ती वही घेऊन निघाली.

फोनवर सांगायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. ती दारात जायची, नाव सांगायची, तुमच्या तळव्यावरचा तीळ मीच काढला होता म्हणायची आणि मग पुढचं. वसमत रस्त्यावरच्या एका दुकानदाराने तिला दुकानाबाहेर काढलं. एका आजोबांनी ऐकून घेऊन हसत सांगितलं की आता ऐंशीला काय फरक पडतो. एका बाईने तिच्यासमोरच मुलाच्या काखा दाबून पाहायला सुरुवात केली आणि मूल रडायला लागलं तरी ती थांबेना. जिंतूरजवळच्या एका गावात चौदाव्या नावापाशी ती पोचली तेव्हा तो माणूस दोन महिन्यांपूर्वीच वारला होता. कशाने, ते घरच्यांना नीट कळलं नव्हतं. यकृतात काही तरी झालं म्हणाले. रेवतीने त्यांना काय सांगायचं ते सांगितलं, कारण न सांगता परत फिरणं तिला जमलं नाही. त्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या आणून ठेवला होता. तो तसाच राहिला.

सव्विसावं नाव तहसीन सय्यद यांचं होतं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांच्या तळहातावरचा तीळ दोन वर्षांपूर्वी काढला होता. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात त्यांनी रेवतीचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकलं. मधे दोनदा थांबवून प्रश्न विचारले. टाचेच्या कातड्याचा प्रयोग त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावला. मग स्वतःची काख चाचपली, दर तीन महिन्यांनी डॉक्टरांना दाखवीन म्हणाल्या आणि मुळावेकर डॉक्टरांचा पत्ता लिहून घेतला. असं वागलेलं रेवतीने आजवर कुणाला पाहिलं नव्हतं. तिला जरा हलकं वाटलं. निघण्यासाठी ती उठली.

तहसीनबाई मात्र बाकावरच बसून होत्या. तळव्याचा धूर वेगळा आहे, हे तुम्ही स्वतः जाळून पाहिलंत म्हणून कळलं, असं त्या हळूहळू, शब्द निवडत म्हणाल्या. मग त्यांनी वर पाहिलं.

“माझ्या अम्मीच्या पापणीच्या आतल्या कडेचा मस तुम्हीच काढला होता. माझ्या भावाच्या ओठावरचा तीळही. तिथे कातडं जाड नाही, ओलसर असतं. तो धूर त्या यंत्राला कुणी दाखवला होता?”

रेवतीने हातातल्या वहीकडे पाहिलं. तीत एकसष्ट नावं होती. गाळ्यात जाळलेले तीळ आणि मस चार हजारांवर होते, आणि हिरवा दिवा लागलेल्या एकाचाही कण आता कुठेच शिल्लक नव्हता. मग यादी कुठे संपते, हे कुणी ठरवायचं?