इंजिन बंद होतं, तरी व्हॉल्व्ह ओढत होता

खोटं वाटलं तर वाटू द्या. मी त्या नावेत होतो आणि हात माझाच होता, एवढंच सांगतो.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. देवळी गावात माझं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. माझा आतेभाऊ मुकेश तिथे आला. तो धरणावर मासे धरतो.

"आदेश, नावेले इंजिन बसवाचं हाय. पाण्याचा पंप तू बसवून देजो."

कशाला, ते मी विचारलं नाही.

त्याआधीच्या उन्हाळ्यात त्याचा मोठा भाऊ रजत जाळं सोडवताना धरणात पडला होता. मुकेश दूर होता. जीव खाऊन वल्हं मारत आला... पण उशीर झाला.

रजत सापडलाच नाही.

आम्ही नावेच्या तळावर खडूने आखणी केली. बुडाला एक भोक, त्यावर व्हॉल्व्ह. पुढे जाळी, पंप आणि इंजिनापर्यंत पाइप. धरणाचं पाणी खालून ओढायचं, इंजिन थंड करायचं, मागून बाहेर टाकायचं. सोपं काम.

धोका एकच होता.

"पाइप निघाला अन् व्हॉल्व्ह उघडा राह्यला, तर नाव भरते," मी बजावलं. "ध्यानात ठेवजो."

सगळं बसवलं आणि संध्याकाळी चाचणीला निघालो. दिवस मावळत होता. इंजिन छान चाललं. मागे पाण्याची धार पडत होती.

मधोमध आलो...

आणि धार थांबली.

मुकेशने लगेच इंजिन बंद केलं. मला वाटलं, गवत अडकलं असेल. व्हॉल्व्ह बंद करून जाळी उघडली.

जाळी स्वच्छ होती.

"भोकातच अडकलं असन," मी म्हणालो. पाइप काढला आणि व्हॉल्व्ह जरासा उघडला. पाणी उसळून वर यायला हवं होतं.

नाही आलं.

पूर्ण उघडला.

एक थेंब नाही. खाली सगळं धरण... आणि वर थेंब नाही.

मी व्हॉल्व्हच्या तोंडावर तळहात ठेवला.

हात ओढला गेला.

इंजिन बंद होतं. पंप सुटा होता. तरी खालून कोणीतरी हवा ओढत होतं. मग ओढ थांबली... आणि तळहातावर गार, ओली फुंकर आली. गाळाचा वास.

पुन्हा ओढ.

पुन्हा फुंकर.

मी हात झटकला. आजूबाजूला पाखरू बोलत नव्हतं. फक्त तो आवाज... आत... बाहेर...

मुकेश गुडघ्यांवर बसला. व्हॉल्व्हला कान लावला.

"दादा?"

आवाज जलद झाला.

"मुकेश, सरक. बंद करू दे."

"नको! त्याले श्वास घेऊ दे!"

"अबे, पाणी आलं तर दोघंही मरू!"

तो ऐकेना. त्याने व्हॉल्व्हभोवती दोन्ही हातांचं कडं केलं, अंगाखाली लेकरू धरावं तसं. शेवटी मी त्याला खांद्याने ढकललं आणि व्हॉल्व्ह बंद केला.

आवाज थांबला.

मग नावेच्या बुडाला खालून काहीतरी घासत गेलं. पुढून मागे... हळूहळू...

मी जाळी बसवली, पाइप जोडला आणि व्हॉल्व्ह पुन्हा उघडला. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. धार पडायला लागली, जणू काही झालंच नव्हतं.

काठाला लागलो. उतरताना मुकेश म्हणाला,

"तू बंद केलं न... तेव्हा तो बोलून राह्यला होता."

मला फक्त श्वास ऐकू आला होता. आईची शपथ, दुसरं काही नाही.

मुकेश आता एकटाच जातो. दिवस मावळताना. आल्यावर टोपलीत मासे नसतात.

काही दिवसांनी आनंदाबाई, त्याची आई, माझी आत्या, दुकानात आली. स्टुलावर बसली.

"मुकेश म्हणते, रजत बोलला. काय बोलला ते सांगत नाई. तू होता न रे तिथं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग सांग न बापा... काय म्हणे तो?"

मी हातातली मोटर खोलत राहिलो.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी येते. पदराच्या टोकाशी चाळा करत बसते... मुकेश काठावर परतल्याचा फोन येईपर्यंत.

काल फोनला फार उशीर झाला.