आठव्या दिवसाचं नाव

अशाबी अयिंदेच्या आयुष्यात आली ती अक्षरशः धडपडून.

इसेइनच्या विणकर आळीत माग असतात बुटके, आणि ताणा असतो लांबलचक. विणकर बसतो इकडे, आणि त्याच्या सुताचं दुसरं टोक पार तीस पावलांवर एका दगडाला बांधलेलं. कापड विणून होईल तसा तो दगड मातीत घासत घासत पुढे सरकतो. गावातलं शेंबडं पोरसुद्धा त्या सुतांवरून न बघता उडी मारून जातं. पण अशाबी पडली परगावची, अबेओकुटाची. डोक्यावर निळीत रंगवलेल्या सुताचं गाठोडं, नजर समोर, चाल झोकात… आणि पाय नेमका दगडात! गाठोडं एकीकडे, ती दुसरीकडे आणि अयिंदेचा लालभडक ताणा तिच्या घोट्याभोवती.

"लागलं का हो?" तो मागावरूनच ओरडला.

"नाही, नाही—"

"तुम्हाला नाही. माझ्या सुताला विचारतोय."

अशाबीने धूळ झटकत त्याच्याकडे पाहिलं. "सूत जिवंत आहे म्हणावं. आणि त्याच्या मालकाला सांगा, रस्त्यात दगड ठेवू नयेत."

"दगड माझ्या आजोबांपासून तिथेच आहे. रस्त्यात आज तुम्ही आलात."

मग तो तिच्या पायाशी बसून गुंता सोडवायला लागला. काम होतं दहा मिनिटांचं. त्याने लावला तास. बोटं सुतावर आणि नजर… नजर कुठे होती ते अख्ख्या आळीने पाहिलं.

"अजून किती वेळ?"

"हळू सोडवलं तर सूत तुटत नाही."

"माझी गाडी चुकेल ना!"

"चुकू दे की. उद्याही गाडी असते… परवाही असते."

ती त्या दिवशी गेली खरी, पण पुढच्या महिन्यात सूत घेऊन पुन्हा आली. त्याच्या पुढच्या महिन्यातही आली. चौथ्या खेपेला तिच्या घरच्यांकडे अयिंदेची माणसं मागणी घालायला गेली, आणि अशाबी कायमची इसेइनची झाली.

या गोष्टीला आता पाच वर्षं झाली होती. आणि तोच अयिंदे, एका वाक्याला तीन वाक्यं परत करणारा, गेल्या सात दिवसांत तिच्याशी धड सात वाक्यं बोलला नव्हता.

सात दिवसांपूर्वी त्यांना मुलगी झाली होती. तिसरं मूल.

पहिला मुलगा. त्याचं नाव अयिंदेने हौसेने ठेवलं होतं, अयोमिदे. माझा आनंद आला. आनंद सात महिने राहिला आणि दोन दिवसांच्या तापात गेला. दुसरी मुलगी. तेव्हा सासूने, जिला सगळे नुसतं इया म्हणजे आई म्हणत, कुणाला तोंड उघडू दिलं नाही. लाडाचं नाव ठेवलं की वरच्यांना कळतं, हे मूल आवडतंय, आणि मग ते परत बोलावून घेतात. म्हणून नाव ठेवलं काशिमावो. बघू या, ही कशी वागते. ती चाळीस दिवस वागली. आता ही तिसरी, आणि इयाला ठाम वाटत होतं की तेच एक मूल पुन्हा पुन्हा येतंय, जातंय, छळतंय. तिने बाळाच्या कानामागे, काखेत, तळपायावर आधीच्या पोरांच्या अंगावरची एखादी जुनी खूण शोधली होती. खूण सापडली नाही. तरी तिचं समाधान झालं नाही.

आठव्या दिवशी सकाळी बारसं. उद्या.

कोरड्या वाऱ्याचे दिवस होते. उत्तरेकडून येणाऱ्या धुळीने आकाश पांढुरकं झालेलं, ओठ फुटलेले, दाराच्या फळ्याही वाळून करकरत होत्या. अशाबी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. दर थोड्या वेळाने तिचा हात बाळाच्या नाकापाशी जायचा. श्वास लागला की हात मागे. पुन्हा शंका… पुन्हा हात. बाळ झोपलं की तिला धडकी भरायची, आणि रडलं की बरं वाटायचं.

"अशी टक लावून बघू नकोस तिच्याकडे," इया दारातून म्हणाली.

"डोळे बांधून दूध पाजू का, इया?"

"जीभ आवर. बघितलंस की जीव लागतो, आणि जीव लागला की ही निघाली समज."

"सात दिवसांची आहे हो ती…"

"अयोमिदे पण सात दिवसांचा होताच की एकदा." एवढं बोलून इया थबकली. स्वतःच्याच तोंडून ते नाव निघालं म्हणून तिचा चेहरा कसनुसा झाला. पदराने तोंड पुसत ती आत गेली. अशाबीला तिचा राग आला होता, पण तेवढ्यात तिला दिसलं, म्हातारीचे खांदे हलत होते.

दुपारी अशाबीने ठरवलं, आता पुरे. बाळाला घेतलं आणि ती सरळ मागापाशी जाऊन उभी राहिली. धोटा इकडून तिकडे पळत होता. अयिंदेने मान वर केली नाही.

"अहो, घ्या ना हिला जरा."

"हाताला खळ आहे."

"हात धुता येतात."

धोटा थांबला. पण हात काही धुतले गेले नाहीत.

"बरं, घेऊ नका. उद्या नाव काय सांगणार तेवढं तरी सांगा."

"इयाने ठरवलंय. मालोमो."

पुन्हा जाऊ नकोस. अशाबीच्या डोळ्यांपुढे पोरीचं सगळं आयुष्य आलं. शाळेत हजेरी होईल, पुन्हा जाऊ नकोस. लग्नात नवरा हाक मारेल, पुन्हा जाऊ नकोस. जन्मभर पोरीला उंबऱ्यातच उभं करून ठेवायचं!

"मी इयाला नाही विचारलं. तुम्हाला विचारलं. मला अबेके हवंय. विनवण्या करून मिळालेली लाडकी. मी केल्यात विनवण्या. प्रेमाचं नाव हवंय मला."

"प्रेमाचं ठेवलं होतं ना एकदा?" तो खाली बघत म्हणाला. "काय झालं?"

"आणि भीतीचं ठेवलं तेव्हा काय झालं?"

अयिंदे उठला. तो तिच्या बाजूने निघून गेला, बाळाकडे न बघता, ताण्याच्या सुतांवरून उडी मारून, थेट आळीच्या बाहेर. अशाबी तिथेच उभी राहिली. या माणसाने एकदा माझ्या पायातलं सूत सोडवायला तास लावला होता, तिच्या मनात आलं, आणि आता पोरीकडे बघायला त्याला एक क्षण नाही. तिला रडू आलं. तिने ते गिळलं, कारण इया म्हणायची, बाळाच्या अंगावर आसवं पडू नयेत.

सकाळ झाली. अंगणात चटया पडल्या. मध, मीठ, कोलाची फळं, मिरीचे दाणे, सगळं एका ताटात मांडलं गेलं. मधोमध पाण्याचा मोठा वाडगा. अयिंदेचे थोरले चुलते पुढे बसले, शेजारी बाळाला घेऊन इया. रीत अशी, की एकेकाने यायचं, वाडग्यात नाणं टाकायचं आणि बाळाला आपल्या पसंतीचं नाव द्यायचं. जितकी माणसं तितकी नावं. सगळीच तिची. पण आईबापांनी दिलेल्या नावाने जग हाक मारतं.

चुलत्यांनी बाळाच्या ओठांना मध लावला, मीठ लावलं. मग इयाने नाणं टाकलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मालोमो!"

"मालोमो," अंगणभर माना डोलल्या.

आता अशाबी. ती वाडग्यापाशी गुडघे टेकून बसली. अबेके, तिने मनात घोकलं. अबेके, अबेके. सगळं अंगण तिच्या तोंडाकडे बघत होतं. तेवढ्यात बाळाने श्वास घेताना छोटीशी उचकी दिली… एवढंच. आणि अशाबीच्या सगळ्या धीराचं पाणी झालं. मी लाडाचं नाव घेतलं आणि खरंच काही झालं तर? माझ्याच जिभेने मी तिला घालवली तर? नाणं तिच्या बोटांतून निसटून पाण्यात पडलं.

"मालोमो," ती पुटपुटली.

तिला स्वतःची इतकी लाज वाटली की वर बघवेना. इयाने तिच्या पाठीवर हात ठेवला. चांगलं केलंस, असा तो हात होता. तो तिला सोसवेना.

मग समोर कुणीतरी येऊन बसलं. हात दिसले. स्वच्छ धुतलेले, घासून घासून लाल झालेले.

"अजोके," अयिंदे म्हणाला.

दोघांनी मिळून जिचे लाड करायचे, ती अजोके. इसेइनमध्ये हे कुणाला सांगावं लागत नाही.

"अरे, काय बोललास हे?" इयाचा आवाज चिरकला. "नाव मागे घे! ऐकतायत ते!"

"ऐकू दे." तो इयाकडे वळला. "इया, तुझं ऐकून दुसरीला मी घेतलंच नाही. चाळीस दिवस. जीव लागायला नको म्हणून. तरी ती गेली, आणि जीव तर लागलाच होता. आता मला तिचं वजनसुद्धा आठवत नाही, कारण मला ते कधी कळलंच नाही. हिच्या बाबतीत मला तसं करायचं नाही. दे तिला इकडे."

इया बाळाला छातीशी धरून बसली. चुलते नुसते खाकरले. बऱ्याच वेळाने म्हातारीने हात पुढे केले, आणि अयिंदेने आपल्या मुलीला पहिल्यांदा उचललं. चुकीचं उचललं. डोकं एका बाजूला लवंडलं तशी अशाबीने झटकन हात घातला. आता एक हात तिचा, एक त्याचा.

"इतकी हलकी असते?" तो कुजबुजला.

"काल कळलं असतं."

"काल मी घाबरून बाजारापर्यंत पळालो. तिथे उभा राहिलो बराच वेळ. मग मनात आलं, तू तर रोज घाबरतेस, आणि तेही एकटी. तू तिला अबेके म्हणणार होतीस ना? विनवण्या करून मिळालेली? अशाबी… तीन वेळा विनवण्या तू एकटीनेच केल्यास. पुढचं तरी दोघांचं असू दे. मला तू हवी आहेस गं. अशी मागाच्या पलीकडे उभी असलेली नाही… जवळ."

सगळ्या अंगणासमोर! बायकांनी तोंडाला पदर लावले. अशाबीला हसू आलं आणि त्यातच रडू आलं, आणि आसवं सरळ बाळाच्या अंगावर पडली.

"पण मी तर मालोमो म्हटलं," ती हुंदका देत म्हणाली. "ऐन वेळी धीर सुटला माझा. मला अजूनही भीती वाटतेय."

"मलाही."

"मग आता कसं करायचं?"

"मिळून घाबरू. लाडही मिळून, भीतीही मिळून. आणि तू दिलेलं नाव कुठे वाया गेलंय? दिलेली सगळीच नावं तिची. एकापुढे एक म्हणून बघ."

अशाबीने बाळाच्या कानाशी तोंड नेलं. इया पुढे झुकून ऐकत होती. अशाबीने आधी त्याने दिलेलं नाव घेतलं, मग आपण दिलेलं.

"अजोके… मालोमो."

दोघांची लाडकी, पुन्हा जाऊ नकोस.