एक, एक, एक…

श्रावणातली सर काष्टीच्या शाळेचा व्हरांडा भिजवून गेली होती. मी भिंतीवर π = २२/७ रंगवत होते.

"बरोबरचं चिन्ह नको… जवळपास म्हणा," मागून कुणीतरी म्हणालं.

वळले. छत्री मिटत एक तरुण उभा — अर्धा भिजलेला.

"तपासणीला आलात का?"

"गणिताचा नवा शिक्षक. अमृत. बेलापूरचा."

"मी निकिता. मीही गणितच. घ्या, तुम्हीच करा दुरुस्त." मी ब्रश त्याच्या हातात दिला.

मग रोज मधल्या सुट्टीत चहा, आणि फळ्यावर वितत अपूर्णांक — छेदाच्या पोटात अपूर्णांक, त्याच्या छेदात आणखी एक… न संपणारे.

"π चं बघा," अमृत म्हणाला. "तीन, मग सात. तिथं थांबलं की झाले बावीस सप्तमांश. पण पुढं पंधरा, एक, दोनशे ब्याण्णव… क्रमच सापडत नाही."

"मला सुवर्ण गुणोत्तर आवडतं. एक, एक, एक… शेवटपर्यंत एकच."

"पण उत्तराजवळ तेच सगळ्यात हळू पोचतं."

"काही माणसंही तशीच असतात, सर."

त्याचे कान लाल झाले. त्यानं डस्टर उचलून फळा पुसायला घेतला.

एका शुक्रवारी मीच सांगितलं, "रविवारी पुण्याचं स्थळ येतंय मला बघायला."

"आणि… तुमच्या मनात?"

"ते कुणी विचारलंय? आबा उद्या बैलबाजारात असतील. ज्याला बोलायचंय, त्यानं तिथं बोलावं."

शनिवारी वडिलांचा डबा घेऊन गेले, तर अमृत आमच्या विकायला आणलेल्या खोंडांपाशी उभा. आबांना वाटलं, गिऱ्हाईक. बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. त्यांनी त्याचा हात उपरण्याखाली घेऊन बोटं दाबली. अमृतला काही कळेना. त्यानं हात तसाच घट्ट धरून ठेवला.

"म्हंजी सौदा पक्का?" आबा खूश.

"खोंड नको… मी शाळेत शिकवतो. मला निकिताशी लग्न करायचंय. तिची इच्छा असेल तर…"

"गुरुजी, हितं दावनीचं जनावर इकत्यात," शेजारचे मच्छिंद्रभाऊ हसले.

आबांनी त्याचा हात सोडला. माझ्याकडं बघितलं. "उद्याच्या पावन्यास्नी काय सांगू?"

"नका येऊ म्हणावं. मला… हेच पाहिजेत."

आबा बराच वेळ खोंडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग खाली बसून डबा उघडला, भाकरी मोडली आणि अर्धी अमृतपुढं धरली.

"बस. तुज्या आईला कवा आनतूस ते जेवता जेवता सांग."

मी भर बाजारात त्याच्या शेजारी जाऊन बसले.